ळ काढून बघताना

वेंगुर्ल्याच्या बाजारात, पोस्टाच्या उतरणीला
इनास फर्नांडिसचं दुकान: अर्धं छत्र्या, अर्धं वह्या,
मधल्या खिळ्याला गळ आणि पेनाच्या निबा
एकाच पुडीत.
"काय लिवचा हा? ता सांग आधी,
मगे वही दाखयतंय."
मी म्हटलं, हिशेब.
खोटं बोलले.

हिशेब मी पहाटेच लिहून येते, बंदरावर, लिलावात,
बॉलपेनने, कार्बन घालून, तीन प्रतींत:
सुरमई इतकी, बांगडा इतका, बर्फ वजा.
ओरडणारा ओरडतो, आकडा पडतो, पावती फाटते.
सात वर्षांत एक ओळ मागे वळून वाचलेली नाही.
पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं शाईपेन होतं,
दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं,
कुणाला न सांगता.

त्याने पहिली ठेवली शाळेची वही, मागे पाढे छापलेली.
मी ळ काढला.
बाकीची अक्षरं फसवतात,
र काय, स काय, कुठल्याही कागदावर बरे दिसतात.
ळला दोन डोळे असतात.
कागद अधाशी निघाला की दोन्ही मिटतात,
उकडूनही न उघडलेल्या तिसऱ्यांसारखे.
मिटले.
अनुस्वाराची तर मोहरीची मिरी झाली.

दुसरी बँकेची डायरी, फुकटातली, वर तारखा.
मला कुठल्या दिवशी किती बोलायचंय
ते बँकेने आधीच ठरवलेलं.
तिसरी गुळगुळीत, रबरी पट्ट्याची. ळ सुरेख उठला,
पण पान उलटलं तर
तोच ळ पलीकडून, उलटा,
खिडकीच्या काचेला नाक लावून उभा.
मग लाल कापडाची खतावणी. कागद अव्वल.
जमा आणि नावे,
दोन रेघा मात्र आधीच आखून ठेवलेल्या.

"हवेचो दोष," इनास म्हणाला,
"हय कागद नुसतो ठेवलो तरी मीठ खाता."
आत गेला. तांदळाचा डबा घेऊन आला.
कोपरापर्यंत हात घालून
एक वही वर काढली, जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेली.
दाणे झटकले. एक दाणा शिवणीत राहिलाच.
"बायलेन शिवलेली. ती गेली दुबईक, लेकीकडे.
दोरो हयच रवलो."

मी ळ काढला. मग मासळी लिहिलं. मग नारळ.
मग, का कोण जाणे, कळवळ.
सगळे डोळे उघडे.
इनासने चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं.
"हिशेबाक कळवळ कित्याक लागता गे?"
उत्तराची वाट बघितली नाही त्याने.
वीस रुपये कमी घेतले.

रात्री खिडकीशी बसले, समुद्राच्या बाजूला.
चांगल्या कागदाची एक खोड मला कुणी सांगितली नव्हती:
तो शाई लगेच पीत नाही.
ओळ ओली राहते, दिव्याखाली चकाकत,
आणि या खाऱ्या वाऱ्यात तर आणखी वेळ.
पान उलटता येत नाही. वही मिटता येत नाही.
आपण लिहिलंय त्याच्यासमोर बसून राहायचं,
पाहुण्यासमोर बसतात तसं, हात मांडीवर.
बसले.
बाहेर भरती की ओहोटी, लक्ष नव्हतं.
वाचावीच लागली शेवटी ती ओळ.
तीनदा.
करंगळीच्या कडेला तरी लागलीच.

पहाटे लिलावात लवू गिरपाने बोट बघितलं.
"माकलाक हात लावलंस?"
माकूल घाबरलं की शाई सोडतं,
इथे पोरासोरांनाही ठाऊक.
मी व्हय म्हटलं.
बर्फ वजा करायचा राहिला होता.